चायनाटाऊनमधले सुभेदार

सुभेदार आबा कुणाच्याही घरी गेले, की हातातला कप उलटा करून बघतात. चहा प्यायच्या आधी नव्हे, तेवढी माणुसकी त्यांच्यात आहे. चहा संपला की कप उलटा, बशी उलटी, मग फुलदाणी, मग टीव्हीचा रिमोट. बुडाशी 'मेड इन चायना' दिसलं, की ती वस्तू सुरुंग ठेवावा तशी अलगद खाली ठेवतात आणि घरमालकाला म्हणतात, "वैरी घरात घेतलाय तुमी."

कोरेगावात आमची घरं भिंतीला भिंत लागून. आबांची बरीच नोकरी उत्तरेच्या सरहद्दीवर, चिन्यांच्या समोर झाली. त्या नोकरीतून त्यांना दोन गोष्टी मिळाल्या. एक पेन्शन, आणि दुसरं चीनशी खाजगी भांडण. पुतणीच्या लग्नात त्यांनी रुखवतातला ताजमहाल उलटा केला, तर त्याचे मिनार गळून पडले. व्याही रुसून बसले. आबा शांतपणे म्हणाले, "मिनार पडलं त्येला मी काय करू? माल कुठला हाय बघा की."

आबांची बायको, आमच्या काकू, गेल्यावर आबा घराबाहेर पडेनासे झाले. म्हणून पुण्याच्या लेकीनं त्यांचं नाव सिंगापूरच्या सहलीत घातलं आणि सोबतीला आम्हा नवराबायकोला गळ घातली. कार्यक्रमात एका दुपारी 'ऐतिहासिक वसाहतीची पायी सफर' होती. वसाहत कुणाची, ते छापलेलं नव्हतं.

बस थांबली. बाहेर रस्ताभर लाल कंदील लटकलेले.

"मास्तर, ह्ये काय हाय?"

"चायनाटाऊन."

"मी उतरत न्हाई."

बस तिथं उभी राहणार नव्हती, त्यामुळं आबांना उतरावंच लागलं. "टेहळणी करून येतो," असं म्हणून ते उतरले, म्हणजे माघार झाली नाही.

जुन्या घरांच्या रंगीत खिडक्या, देऊळ, उदबत्त्यांचा वास, यातलं काही आबांनी पाहिलं नाही. ते सरळ एका दुकानात शिरले आणि माल उलटा करू लागले. पंजा हलवणारं मांजर उचललं, "चायना." पंखा उचलला, "चायना." दुकानातली पोरगी मागून एकेक वस्तू सरळ करत आली. शेवटी माझ्या बायकोला राहवेना.

"आवं आबा, तेवढी डोक्यावरची टोपी बघा की."

टोपी सहलीवाल्यांनी सगळ्यांना फुकट वाटलेली. आबांनी ती काढली, आतली पट्टी वाचली. बराच वेळ वाचली. शब्द तीनच होते. मग टोपी पुन्हा डोक्यावर दाबत म्हणाले, "ह्यो युद्धकैदी हाय, वैनी."

त्यानंतर आबा दिसेनासे झाले. गाईड कावला, बायको घाबरली, मी शोधत निघालो.

पुढं एक चौक होता. तिथं म्हातारी चिनी माणसं बाकड्यांवर बसून बुद्धिबळासारखा काहीतरी डाव खेळत होती. कडेच्या बाकावर एका म्हाताऱ्याशेजारी आमचे सुभेदार बसलेले. मांडीवर घरून आणलेला डबा उघडा, आणि दोघंही शेंगदाण्याचा लाडू खात होते. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती.

"काय आबा, वैऱ्याला लाडू?" मी म्हणालो.

आबा हसले नाहीत.

"ह्यो इथलाच, सिंगापूरचा हाय, मला काय कळत न्हाई व्हय?" ते म्हणाले. मग बोलू लागले. "मास्तर, वर सरहद्दीच्या पोस्टावर हिवाळाभर वाट बंद असायची. आमी मोजकी टाळकी, एकमेकाचं तोंड बघून कट्टाळलेलो. समोरच्या टेकडीवर चिन्यांचं पोस्ट. तिथला एक पोरगा रोज सकाळी भाईर यायचा, बर्फ झाडायचा आन् माज्याकडं बघत हुबा ऱ्हायाचा. मीबी बघायचो. शिवी न्हाई, रामराम न्हाई, काय न्हाई. पर त्यो दिसला की वाटायचं, चला, उजाडलं."

"मग?"

"एक दिस आलाच न्हाई. परत कवाच आला न्हाई. बदली झाली, का बर्फात गेला, कुणाला इचारणार? सायबाला इचारलं असतं तर त्यानं मलाच आत टाकलं असतं. फकस्त घरात हिला सांगितलं. ती मातूर लय वर्सं इचारायची, 'तुमचं त्ये पोरगं आता केवढं झालं असंल वं?'" आबांनी डब्याचं झाकण हातात घेतलं, लावलं नाही. "आता कोण इचारत न्हाई."

लांबून गाईडची शिट्टी ऐकू येत होती. मी बाकावर टेकलो.

"आबा, केवढं झालं असेल वं ते आता?"

आबांनी शेजारच्या म्हाताऱ्याकडं नीट बघितलं. त्याच्या पांढऱ्या भुवया बघितल्या, बाकाला टेकवलेली काठी बघितली.

"असंल की ह्येच्याएवढं," ते म्हणाले. "गुडघं दुखत असत्याल."