आकाशातली बाई आणि चार चादरी

"आई, परवापर्यंत बाल्कनीत पाऊल टाकायचं नाही," पडदेसाहेबांनी सासूबाईंसमोर हात जोडले. "डोकवायचंसुद्धा नाही."

"का हो? बाल्कनी पडतेय की काय?"

"बाल्कनी नाही, माझी नोकरी पडेल."

पडदेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. गावाबाहेर एक जुनं राज्य नव्यानं उभं राहत होतं. किल्ला, दरी, डोंगर आणि दारावर तिकीट. तिथे नको ते झाकायचं काम त्यांच्याकडे होतं, म्हणून सहकाऱ्यांनी हे नाव ठेवलं. विजेचे खांब, पाण्याच्या टाक्या, शेजारच्या गोदामाचे पत्रे, सगळं ते झाडांच्या आणि कमानींच्या आड असं गडप करायचे की बघणाऱ्याला शंका येऊ नये. मालकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "किल्ल्याच्या गच्चीवरून आजच्या जगातली एक जरी वस्तू दिसली, तर तुम्ही मला इथे दिसायचं नाही."

आणि गच्चीवरून नेमकी एक वस्तू दिसत होती. डोंगरामागे, कुंपणाला लागून उभी असलेली इमारत. तिच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, डोंगराच्या अगदी डोक्यावर डोकावणारं, पडदेसाहेबांचं स्वतःचं घर होतं. घरातून किल्ला दिसावा म्हणून त्यांनी ते हौसेनं घेतलं होतं. आपल्याला किल्ला दिसतो म्हणजे किल्ल्यावरून आपणही दिसणार, हे इतरांना शिकवणाऱ्या माणसाला घर घेताना सुचलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

बरं, घरातून डोंगराची दिसायची ती पाठ. लोखंडी सांगाडा, प्लायवूड आणि मध्येमध्ये वाळूची पोती. सासूबाई बाल्कनीत कपडे वाळत घालताना रोज ती बघायच्या आणि रोज म्हणायच्या, "यालाच का तुम्ही डोंगर म्हणता?" पुढून बघायला चला म्हटलं, की उत्तर ठरलेलं. "खोट्याचं काय बघायचं?" हे पडदेसाहेबांच्या जिव्हारी लागायचं.

इमारत हलवता येत नव्हती. मग त्यांनी ती पुसायची ठरवली. दुपारच्या आकाशाचा रंग हुबेहूब जुळवला आणि डोंगराकडची अख्खी बाजू रंगवून काढली. भिंती, खिडक्यांच्या चौकटी, बाल्कनीचे कठडे, काही सोडलं नाही. फुकटात रंग मिळतोय म्हटल्यावर शेजारी खूश. रंग वाळला आणि गच्चीवर उभ्या असलेल्या पडदेसाहेबांना आपलंच घर सापडेना. डोंगर, डोंगरावर हातभर उंचीची झाडं आणि वर नुसतं आकाश. झाडं मुद्दाम बुटकी ठेवली होती, म्हणजे डोंगर कोसभर लांब वाटावा. त्यांना स्वतःचाच अभिमान वाटला. मालकांची पाहणी परवा होती.

पण मालक कसले परवापर्यंत थांबतात! ते दुसऱ्याच दिवशी दुपारी येऊन थडकले आणि थेट गच्ची चढले. पडदेसाहेब मागून धापा टाकत पोचले. आकाश बिनचूक होतं. मालकांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मान डोलावली. पडदेसाहेबांचा जीव भांड्यात पडणार, एवढ्यात आकाशाचं दार उघडलं.

आकाशातून एक बाई बाहेर आली.

इमारत दिसत नव्हती, कठडा दिसत नव्हता. दिसत होती फक्त बाई, कमरेपासून वर, डोंगरामागे उभी. आणि डोंगर जर कोसभर लांब, तर त्याच्याही पलीकडची ही बाई केवढी असेल? खालची झाडं तिच्यापुढे कोथिंबिरीच्या जुडीएवढी वाटत होती. तिनं एक भलीमोठी पांढरी चादर झटकली आणि आकाशात वाळत घातली.

पडदेसाहेबांची पाचावर धारण बसली. "साहेब, त्या माझ्या..." एवढंच त्यांच्या तोंडून फुटलं.

"गप्प!" मालक कुजबुजले.

दुसरी चादर आली, तिसरी आली, चौथी आली. वाऱ्यानं त्या फुगल्या आणि ढगांसारख्या डुलू लागल्या. गवंडी थापी हातात धरून उभा राहिला. माळीणबाईंच्या पाइपातलं पाणी त्यांच्याच चपलांवर पडत होतं, पण त्यांना पत्ता नव्हता. ज्यांच्या खोकल्यानं अख्खं ऑफिस दचकायचं, त्या मालकांनी डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. आणि पडदेसाहेब? एवढे घाबरलेले असूनही तेही बघतच राहिले. रोज आपल्याला वाढणारी ही बाई एवढी अफाट दिसू शकते, हे त्यांना आज कळत होतं.

बाई आत गेली. आकाशाचं दार मिटलं.

"हे कुठं ठरलं होतं?" मालकांनी विचारलं.

"नव्हतं ठरलं साहेब. चूक झाली."

"चूक? रोज झाली पाहिजे ही चूक. नाही झाली, तर तुम्ही मला इथे दिसायचं नाही."

संध्याकाळी पडदेसाहेबांनी पुन्हा हात जोडले. "आई, उद्यापासून रोज दुपारी बाल्कनीत जायचं. चादरी घेऊन."

"काल जाऊ नका म्हणालात, तरी चादरी ओल्या होत्या म्हणून गेले. आज जा म्हणता. तब्येत बरी आहे ना?"

पडदेसाहेबांनी सगळं सांगितलं. सासूबाईंचा काडीचा विश्वास बसला नाही. "मी? आकाशात? उगाच काहीतरी. आधी मला तिथून बघू दे, मग ठरवते."

"पण तुम्ही तिथे गेलात, तर इथे कोण?"

सासूबाईंनी आपली शाल पुढे केली.

दुसऱ्या दिवशी पडदेसाहेब डोक्यावरून शाल घेऊन बाल्कनीत उभे होते. जन्मात कधी चादर वाळत घातली नव्हती. पहिली दोरीवरून घसरली, दुसरी अंगाला गुंडाळली गेली. गच्चीवर माणसांचा एक पुंजका दिसत होता. त्यात सासूबाई कुठल्या, ते कळत नव्हतं. तिसरी चादर लागली आणि फोन वाजला.

"हॅलो? आई?"

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. 'संपलं,' पडदेसाहेबांना वाटलं, 'हेही खोटं म्हणणार.'

"आई, दिसतंय का काही?"

"चादर उलटी घातलीय तुम्ही," सासूबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या.

"थांबा, काढतो."

"नको, नको! राहू दे तशीच." मग म्हणाल्या, "जरा उभे राहा ना जावईबापू. अजून थोडा वेळ. मला बघू दे."

पडदेसाहेब शाल सावरून उभे राहिले. समोर रोजचंच प्लायवूड होतं, रोजचीच पोती होती. आत दूध उतू जात असल्याचा वास आला, तरी ते जागचे हलले नाहीत.