एका तळ्याच्या दोन फिल्मा

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्यात दोन गोष्टी टोकाला गेल्या होत्या. एक दुष्काळ आणि दुसरी नव्या जिल्ह्याची मागणी. आमचा तालुका कंधार आणि जळकोटच्या मधे कुठंतरी येतो. नेमका कुठं, यावर दोन्हीकडच्या जिल्ह्यांचं एकमत नाही. आपला स्वतंत्र जिल्हा झाला की सगळे प्रश्न सुटतील, अशी जनतेची श्रद्धा होती. निदान ते प्रश्न घेऊन लांब जावं लागणार नाही, एवढं तर नक्की होतं.

त्याच वर्षी पंचशीला सोनकांबळे हिनं पुण्यातल्या वृत्तवाहिनीची नोकरी सोडली आणि गावी येऊन स्वतंत्र व्हिडिओ निर्मितीचा व्यवसाय सुरू केला. तिचे वडील निवृत्त शिक्षक. त्यांनी एकच विचारलं, "स्वतंत्र म्हणजे तुझा साहेब कोण?"

"कुणीच नाही, बाबा."

हे उत्तर चुकीचं होतं. ज्याला एक साहेब नसतो त्याला भेटेल तो साहेब असतो, हे तिला दोन-चार लग्नं आणि एक जावळ शूट केल्यावर कळलं. नवरदेवाचा मामा रंग बदलायला सांगे, मावशी गाणं बदलायला सांगे, आणि जाता जाता प्रत्येकाचा भाचा सांगे, की हेच त्यानं मोबाईलवर केलं असतं.

अशात एके दिवशी बसवराज अप्पांनी तिला आडत दुकानात बोलावलं. अप्पा नवा जिल्हा कृती समितीचे अध्यक्ष होते. कपाळावर भस्माचे पट्टे, समोर हरभऱ्याची पोती आणि डोक्यात जिल्हा.

"पंचशीलाताई, मुंबईला फिल्म पाठवायची हाय. जिल्हा मागायचा तर तालुका जिल्ह्यावानी दिसला पायजे. वाघजाळीचं तळं दाखवा. तुडुंब."

"अप्पा, तळं तर कोरडं ठण्ण हाय."

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं. भरलेलं असतं तर भाच्यानं मोबाईलवर घेतलं असतं."

उद्या सांगते, म्हणून पंचशीला निघाली.

दुसऱ्याच दिवशी तहसील कचेरीतून अव्वल कारकून साहेबराव यांचा निरोप आला. दुष्काळाची पाहणी करायला वरून पथक यायचं होतं, परंतु उन्हाच्या तीव्रतेमुळं पाहणी रद्द झाली होती. आता पथक थंड ठिकाणी बसून फिल्मवर दुष्काळ बघणार होतं.

"वाघजाळीचं तळं घ्या," साहेबराव म्हणाले. "पन भेगा नीट आल्या पायजेत, बाई. मागल्या साली आमच्या भेगा नामंजूर झाल्या. अरुंद निघाल्या."

पंचशीला विचारात पडली. एकाच तळ्याच्या दोन फिल्मा, एक भरलेली आणि एक कोरडी. पण स्वतंत्र माणसानं एका कामाला नाही म्हटलं की ती बातमी दुसऱ्या कामाच्या आधी पोचते. शिवाय दोघंही 'आपल्या तालुक्याचं काम हाय' असं म्हणाले होते, ज्याचा व्यवहारातला अर्थ 'पैसे मिळणार नाहीत' असा होतो, हे तिला ठाऊक होतं. तरी ती हो म्हणाली. मनाशी तिनं असंही ठरवलं, की तळं कधी ना कधी भरलेलं होतंच, तेव्हा यात संपूर्ण खोटं असं काही नाही. सगळी मोठी खोटी कामं याच वाक्यानं सुरू होतात.

समृद्धीच्या फिल्मचं शूटिंग आधी होतं. अप्पांनी एक टँकर आणून तळ्याच्या कोपऱ्यात रिकामा केला. पंचशीलानं कॅमेरा जमिनीला टेकवला तेव्हा त्या डबक्यात सगळं आभाळ मावलं आणि तळं समुद्रासारखं दिसायला लागलं. अप्पा खूश झाले. त्यांना बदकंही हवी होती. ती मिळेनात म्हणून कोंबड्या आणल्या, पण कोंबड्यांनी पाण्यात उतरायला नकार दिला. मग सुखी शेतकरी महिला म्हणून वाघजाळीच्या सरजाबाईला हिरवं लुगडं नेसवून काठावर उभं केलं. ती झक्क हसली. शॉट झाला आणि तिनं सहज विचारलं, "माय, ह्यो टँकर कुठला म्हनायचा?"

ड्रायव्हर दुसरीकडं बघायला लागला.

"अरे, ह्यो तर आमचा हाय! वाघजाळीचा! सकाळधरनं वाट बघून राहिलो आमी!"

तिनं पदर खोचला आणि गावाच्या दिशेनं अशी हाक दिली, की कोंबड्या उधळल्या. बघता बघता घागरी, डबे, तेलाची पिंपं घेऊन बाया तळ्यात उतरल्या. वाटीवाटीनं गढूळ पाणी उपसायला लागल्या. कुणी लुगड्याच्या पदरातून गाळत होती, कुणी तान्ह्या लेकराला काठावर ठेवून गुडघाभर चिखलात रुतली होती. अप्पा काठावरून ओरडत होते, "अवो, तळं नेऊन राहिल्या! थांबा जरा, दोन शॉट बाकी हायत!"

पंचशीलाचा कॅमेरा चालूच होता. तिनं आयुष्यात इतकं खरं काही टिपलं नव्हतं. आणि हे पाणी आपल्याच फ्रेमसाठी ओतलंय, हे आठवलं तशी तिची मान खाली गेली. तिनं कॅमेरा दगडावर ठेवला, चपला काढल्या आणि सरजाबाईची घागर उचलू लागली. सरजाबाईनं तिच्याकडं बघितलंही नाही. फक्त दुसरी घागर पुढं सरकवली.

ते दृश्य पंचशीलानं दोन्ही फिल्मांत घातलं. खरं आहे ते कुणीतरी पाहावं, एवढीच तिची इच्छा होती.

अप्पा म्हणाले, "हे काढा. लई दुष्काळी दिसून राहिलंय."

साहेबराव म्हणाले, "हे काढा. ह्याच्यात पाणी दिसून राहिलंय."

दोघांचंही बरोबर होतं. दृश्य निघालं. मग अप्पांच्या फिल्ममधलं गवत हिरवं झालं, अजून हिरवं झालं, शेवटी समितीच्या उपाध्यक्षांचं तोंडही किंचित हिरवं झालं. साहेबरावांसाठी तीच सरजाबाई, रोजच्या विटक्या लुगड्यात, तळ्याच्या कोरड्या अंगाला भेगांपाशी बसली. भेगांशेजारी मोजपट्टी ठेवण्यात आली.

दोन्ही फिल्मा मुंबईला एकाच टेबलावर पोचल्या. तिथल्या अधिकाऱ्यानं दोन्ही लक्षपूर्वक पाहिल्या आणि, हे त्याच्या निःपक्षपातीपणाचं लक्षण म्हणावं लागेल, दोन्हींवर पूर्ण विश्वास ठेवला. पहिली पाहून त्यानं शेरा दिला: तालुक्यात मुबलक पाणी असल्यानं टँकर बंद करण्यात यावेत. दुसरी पाहून शेरा दिला: तालुक्यात तीव्र टंचाई असल्यानं जिल्हा निर्मितीचा विचार करता येणार नाही.

टँकर बंद झाले. जिल्हा झाला नाही. साहजिकच गुन्हेगाराचा शोध सुरू झाला आणि फार लांब जावं लागलं नाही.

कचेरीत पंचशीलाला बोलावलं तेव्हा अप्पाही तिथं होते. साहेबरावांनी त्यांना चहा मागवला होता.

"तळं भरलेलं दाखवा असं मी कवा म्हनलो?" अप्पा दुखावल्या आवाजात म्हणाले. "मी म्हनलो, चांगलं दाखवा."

"आन आमी म्हनलो, वस्तुस्थिती दाखवा," साहेबराव म्हणाले. "बाईंनी स्वतःच्या मनानं दाखवली."

"मला तुम्हीच सांगितलंत ना, साहेब! भेगा नामंजूर होतात म्हणून!"

"लेखी हाय का?"

लेखी काहीच नव्हतं. स्वतंत्र माणसाला सगळे आदेश तोंडी मिळतात आणि सगळे आरोप लेखी. तालुक्याची बदनामी केल्याबद्दल तिला नोटीस मिळाली, आणि येत्या लग्नसराईतली सगळी कामं भाच्यांना मिळाली.

त्या संध्याकाळी पंचशीलानं काढून टाकलेलं ते दृश्य जसंच्या तसं फेसबुकवर टाकलं. गाणं नाही, रंग नाही, नुसत्या बाया, चिखल आणि अप्पांचा आवाज. खाली गावाचं नाव लिहिलं, टँकर बंद आहे हेही लिहिलं.

सकाळपर्यंत व्हिडिओ महाराष्ट्रभर पोचला. परदेशातूनही लोकांनी बघितला. कुणी विचारलं, कॅमेरा कोणता? कुणी म्हणालं, चिखलाचा पोत काय सुरेख आलाय. एकानं हिरव्या लुगड्यातल्या नटीचं नाव विचारलं. एका लघुपट महोत्सवानं तिला सन्मानपूर्वक बोलावलं, यायचं मात्र स्वखर्चानं. आणि शेकडो लोकांनी एकच वाक्य लिहिलं होतं. ते वाचून पंचशीला हरखली आणि फोन घेऊन वाघजाळीला धावली.

सरजाबाई कोरड्या आडात वाकून बघत होती.

"मावशी, बघा, किती लोकांनी लिहिलंय! म्हणतात, बघून डोळ्यांत पाणी आलं."

"कुठं आलं?" सरजाबाई ताडकन उभी राहिली. "किती लांब हाय? घागर घेऊन येऊ का?"

पंचशीला आडाच्या काठावर टेकली. तिनं तो प्रश्न, सरजाबाईच्याच शब्दांत, व्हिडिओखाली लिहिला. तासाभरात त्यालाही हजारांनी प्रतिसाद आले. कुणी हसरे चेहरे पाठवले, कुणी हात जोडले, बहुतेकांनी लाल बदाम दिले. कचेरीला फोन मात्र एकाचाही गेला नाही.

व्हिडिओ अजून आहे. तुम्ही तेव्हा हात जोडले होते की नुसता बदाम दिला होता, तेवढं एकदा तपासून बघा.