छातीवरचा रुमाल

आमच्या शेजारच्या वसंतरावांना तुम्ही पाहिलं असतंत, तर आधी हसलाच असतात. साठीचा माणूस, सकाळी मैदानावर फिरायला निघालेला, पांढरे बूट, माकडटोपी, आणि स्वेटरवर छातीशी पिनेनं टाचलेला रुमाल! बालवाडीतल्या पोरासारखा. आता नाशिकची थंडी ती, सकाळी चार पावलं भरभर चाललं की नाक सगळ्यांचंच गळतं. पण त्याचा एवढा बंदोबस्त करणारा माणूस मी दुसरा नाही पाहिला.

"सिस्टीम पाहिजे आक्का, सिस्टीम!" ओझरच्या कारखान्यात विमानं जोडण्यात जन्म गेलेला, त्यामुळे नाकालाही सिस्टीम. रुमालाची उजवी बाजू नाकाला, डावी घामाला. खिशात रुमाल ठेवायचा नाही, काढेपर्यंत चालण्याची लय जाते म्हणे. मैदानावर कुणी बाहीला नाक पुसलं, की हे मागून ओरडणार, "अरे, बाही काय नाकासाठी शिवली का टेलरनं?" आणि स्वतः शिंकरायचे ते असे, की झाडावरच्या चिमण्या उडायच्या.

पिन लावून द्यायची त्यांची बायको, सुमन. फाटकात उभी राहून टाचायची आणि म्हणायची, "जा. शाळा सुटली की सरळ घरी या."

सुमन गेली. मुलगा बंगलोरला. तेरावं झालं आणि दोन-चार दिवसांनी सकाळी वसंतराव आमच्या दारात. एका हातात रुमाल, एका हातात पिन. "आक्का, तेवढं टाचून द्या. बोटं थरथरतात हो माझी."

मग ते रोजचंच झालं. टाचता टाचता मी विचारायची, रात्री काय जेवलात, मुलाचा फोन आला का. आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "आली बघ तुझी बालवाडी!"

एकदा मी दूध घेऊन परत येत होते. लांबूनच दिसलं, वसंतराव आमच्या फाटकाशी उभे. रुमाल छातीवर टाचलेला, अगदी सरळ. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, झटक्यात पिन काढली, रुमालाची घडी हातात घेतली आणि बेलवर बोट ठेवलं. बोट कसलं थरथरतंय, अगदी स्थिर!

मी कोपऱ्यावर जरा थांबले. मग हाक मारली, "आले हो!"

"आक्का, तेवढं..."

"द्या." टाचली. "वाकडी झाली बाई," म्हणत काढली, परत टाचली. म्हटलं, "जा. आणि शाळा सुटली की सरळ चहाला या."

अजून एक पाऊलसुद्धा चालले नव्हते, तरी वसंतरावांचा रुमाल नाकाशी गेला. तोही डाव्या बाजूनं.