पाळक म्हणू नका

शेवगावजवळच्या आमच्या खेड्यातल्या ख्रिस्ती वस्तीत दावीद मास्तरांना कोणी 'पाळक' म्हटलं की ते हातातलं काम टाकून भांडायला उठत. एका लग्नात परगावच्या पाहुण्याने "पाळकसाहेब, नमस्कार" म्हटलं, तर मास्तरांनी त्याला भरल्या पंगतीतून उठवलं आणि पाळक कोणाला म्हणतात ते समजावलं. तोवर त्याची आमटी गार झाली.

"ज्याच्या डोक्यावर हात ठेवून चर्चच्या मंडळीनं दीक्षा दिली, तो पाळक! माझ्या डोक्यावर काय हाय? ही मळकी टोपी!"

ते मिशनच्या शाळेत शिक्षक होते. मुलांना बाराखडी, रविवारी मोठ्यांना उपदेश, भांडणाऱ्या नवराबायकोला मिळून एक शिवी, सगळं तेच देत. माझ्या बापाने मला रोजंदारीला लावलं तेव्हा शेतात येऊन "ह्याला नगरला धाडतोस का तुलाच शाळेत बसवू?" असं ओरडणारेही तेच. मी बी. ए. झालो तो त्या ओरडण्यामुळे.

फक्त प्रभुभोजनाची भाकर मोडून द्राक्षरसासह येशूच्या आठवणीत वाटण्याचा हक्क त्यांना नव्हता. तो दीक्षा घेतलेल्या पाळकाचा. आमचे पाळक वर्षातून दोनदा येत, बुटांवरची धूळ झटकत प्रार्थना करत आणि चहा घेऊन जात. त्यांना पाळक म्हटलेलंही मास्तरांना खपत नसे.

"पाळक म्हंजी पाळणारा! ह्याला एक मेंढरू नावानं ठावं न्हाई!"

म्हणजे आम्ही तो शब्द वापरायचा कोणासाठी, हे गावाला शेवटपर्यंत कळलं नाही.

महायुद्ध संपल्याला वर्ष झालं होतं. मी पदवी घेऊन गावी आलो, तेव्हा सगुणाबाई ही एकटी म्हातारी अंथरुणाला खिळली होती. मरण्यापूर्वी प्रभुभोजन मिळावं, एवढंच तिचं मागणं. मास्तरांनी पाळकांना तीन पत्रं धाडली. उत्तर आलं: उन्हाळ्याचं ऊन उतरल्यावर येतो.

"ऊन!" मास्तरांनी कागद चुरगळला. "तिचा दिवस कललाय, आन् ह्याला ऊन लागतंय!"

आम्ही दोघं तिच्याकडे गेलो.

"आलं का पाळक?"

"न्हाई."

"मंग तुमीच द्या की. तुमीच हाय आमचं पाळक."

"सगुणे, कितींदा सांगितलं तुला..." मास्तर कडाडले. पण तिचे ओठ पार सुकले होते. मग त्यांनी माझ्याकडे टोपलीतली भाकर मागितली. द्राक्षरस कुठला; गुळाचं पाणी केलं. देवालाच दटावत असल्यासारखी प्रार्थना म्हटली आणि भिजवलेला घास तिच्या तोंडात ठेवला. ती तो कितीतरी वेळ घोळवत राहिली.

बाहेर येताच मला म्हणाले, "कागद काढ. मिशनला लिही. दावीद मास्तरानं हक्क नसताना प्रभुभोजन दिलं. त्याला कामावरून काढा."

"मास्तर, कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना!"

मला इतका राग आला होता की दोनदा टाक कागदातून आरपार गेला. त्यांनी सही केली. मी टपालात टाकायला निघालो, तर मागून बाही धरली. त्यांचा आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता.

"आज नको टाकू. आधी तिला पोचवू दे मला. मला काढलं, तर तिच्या मातीलाबी त्या उनाला भिणाऱ्याचीच वाट बघावी लागंल."