हजर आहे, गेट बंद आहे

दत्तू मेहेर रोज सकाळी निळी वर्दी घालून कामावर जायचा आणि कारखान्याने त्याला काढून दोन वर्षं झाली होती.

सात वाजता गेटवर उभा राहून तो ओरडायचा, "दत्तू मेहेर, प्याकिंग खातं, हाजर हाय!" चौकीदार रामदुलार मान हलवायचा. मग हा समोरच्या चिंचेखाली बसून राहायचा आणि बोईसरचं पोस्ट उघडताच माझ्या खिडकीशी यायचा. "मास्तर, येक कार्ड." मी साधा कारकून, पण त्याने दिलेली बढती मी कधी नाकारली नाही. उभ्या उभ्या तो मॅनेजरला लिहायचा, 'आज सात वाजता हजर. गेट बंद.' मॅनेजर कार्ड घ्यायचा नाही. 'नाकारले' असा शेरा लागून ते नवापूरला, याच्याच घरी परत जायचं आणि गडी खूश! आपलंच पत्र परत आल्यावर हरखणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

कंपनीचं म्हणणं होतं, दत्तू आपणहून काम सोडून होडीवर गेला. तसं ठरलं तर नोकरी कायमची गेली. म्हणून ही कार्डं, तो रोज गेटवर आला याचा पोस्टाच्या तारखेच्या शिक्क्यासकट पुरावा. समुद्रकाठच्या नवापूरचा कोळी असून दोन वर्षं तो बाजारातून मासळी आणून खात होता. होडीला हात लावायचा नाही. "कोनी बगितला तं?" म्हणायचा.

ठाण्याच्या कामगार न्यायालयात मी शिक्क्यांबद्दल सांगायला गेलो होतो. कंपनीच्या वकिलाने कार्डांचा गठ्ठा तारखेवार लावला आणि एका मंगळवारावर बोट ठेवलं. "या दिवसाचं कार्ड कुठाय? होडीवर होतात ना?"

तो मंगळवार मला पक्का आठवत होता. त्या दिवशी दत्तू पहिल्यांदाच उशिरा, खिडकी बंद करता करता आला होता, आणि कार्ड घेऊन गेला होता. मी उठायला लागलो. समोरच्या बाकावर कंपनीचा साक्षीदार म्हणून रामदुलार बसला होता, तो पांढराफटक पडला. दत्तूने एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"त्या दिशी मी आलोच नाय, साहेब. घरी व्हतो."

वकिलाने ते लगेच लिहून घ्यायला लावलं. रामदुलारची साक्ष पुढच्या तारखेवर गेली.

बाहेर येताच मी त्याच्यावर भडकलो. "दोन वर्षांची मेहनत पाण्यात घातलीस! कुठे गेलं ते कार्ड?"

"रामदुलारच्या गावी, त्याच्या बायकोला. तापानं गेटावरच पडला व्हता तो. खाडा झाला तर नोकरी गेली. मंग त्याला खोलीवर निजवला, त्याची टोपी घातली नि स्टुलावर मी बसलो दिसभर. गाडीतनं चौकीदाराचं त्वांड कोन बगतो?"

"अरे, मग तू गेटच्या आत होतास! हेच सांगायचं!"

"सांगितला असता तं उद्या गेटाभायेर दोघं उभं राह्यलो असतो."

इतकी वर्षं शिक्के मारून मारून मन घट्ट झालंय असं मी समजत होतो. ते काही खरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोस्ट उघडलं तेव्हा तो खिडकीशी उभा. "येक कार्ड." नेहमीच्या दोन ओळी लिहून त्याने ते माझ्याकडे सरकवलं आणि हळूच म्हणाला, "आज चिंचेखाली नाय बसलो, मास्तर. रामदुलारनं स्टूल भायेर आणून दिला."