चंद्रामावशीची खाकी पॅन्ट

आमच्या बाजारातली चंद्रामावशी साडीच्या आत पुरुषाची फुलपॅन्ट घालायची. खाकी, जाड कापडाची, कमरेला पट्टा लावून. अमरावतीच्या उन्हाळ्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, तेव्हासुद्धा. पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा ती संत्र्यांची टोपली उचलायला वाकली होती. साडी वर सरकली आणि खालून ड्रायव्हरचे पाय निघाले. माझ्या हातातली सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी बादलीत पडली.

ड्रायव्हरचे म्हणजे खरंच ड्रायव्हरचे. मावशीचा नवरा बसवर ड्रायव्हर होता. तो वारला त्याला सहा वर्षं झाली, पण त्याची पॅन्ट रोज बाजारात यायची. मी भाजी विकते, ती माझ्या शेजारी संत्री आणि लिंबं. कोणी विचारलं, "मावशी, पॅन्ट कायले?" तर दर वेळी उत्तर वेगळं. "वावरातून येतो बाप्पा, साप चावला तर?" तिचं वावर कुठंच नाही. एकदा हवालदारानं विचारलं तर म्हणाली, "कोनाची बस बंद पडली तर मलेच चालवा लागन नं!"

तिचा आवाज खाली येत नाही. मला चार माणसांत बोलायची लाज वाटते आणि ही साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं बोलते. गिऱ्हाईक संत्रं दाबून पाहू लागलं की सुरू. "दाबू नको वं! तुले कोनी असं दाबून पाह्यलं तर चालन का?" कॉलेजातली पोरगी लाल होते, तिच्याहून जास्त लाल मी होते. मी मेथीच्या ढिगामागं तोंड लपवते.

एवढं असूनही या बाईला मी माझ्या घरातली गोष्ट सांगितली. सांगावीच लागली.

माझी रोशनी अठरा वर्षांची. पोलीस भरतीची तयारी करते. रोज पहाटे मैदानावर पळायला जायची. मार्चमध्ये एक दिवस ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मैदानी चाचणीला आठ दिवस राहिले होते. विचारलं तर म्हणे पाय दुखतो.

मग न्हाणीचं पाणी तुंबलं. मी मोरीत काडी घातली तर काळा गाळ निघाला आणि त्याला कॉफीचा वास. आमच्या घरी कोणी कॉफी पीत नाही. त्यानंतर तिच्या गादीखाली डबे झाकायचा प्लास्टिकचा कागद सापडला. मला काही उमगेना. पण लाटणं दिसेना तेव्हा मी खोलीत गेले, आणि दारातच उभी राहिले.

रोशनी चटईवर बसून ते लाटणं स्वतःच्या मांडीवर फिरवत होती. पोळी लाटतात तसं, पण दात आवळून, जोर लावून. दोन्ही मांड्या काळ्यानिळ्या झाल्या होत्या. त्या लाटण्यानं मी सकाळीच पोळ्या केल्या होत्या, हेच डोक्यात आधी आलं. मग मात्र मी लाटणं तिच्या हातून ओढून घेतलं.

रडत रडत तिनं सांगितलं. मैदानावर हाफपॅन्ट घालून पळतात. एका मुलीनं मागून हिचा व्हिडिओ काढला आणि ग्रुपवर टाकला. मांडीवर खड्डे दिसतात म्हणून. खाली लिहिलं, संत्र्याची साल. सगळ्या हसल्या. मग हिनं मोबाईलवर उपाय शोधले. कॉफी चोळायची, प्लास्टिक गुंडाळायचं, लाटणं फिरवायचं. खड्डे गेले नाहीत. "मी भरतीले जात नाही," म्हणाली. "मरून जाईन पन जात नाही."

तिचे बाबा नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात, पाळीवर. त्यांना हे सांगणार कसं? दुसऱ्या दिवशी बाजारात मी मावशीजवळ सरकले.

"मावशी, रोशनीच्या पायाले काहीतरी झालं."

"कुठं?"

"वर."

"वर म्हंजे? गुडघा?"

"त्याच्याही वर."

"मांडी म्हन नं माय! बकऱ्याची म्हनतेस तवा नाही लाजत."

समोरचा कांदेवाला हसला. मी खाली मान घालून सारं सांगितलं. संत्र्याच्या सालीचं ऐकून मावशीला आधी संत्र्याचाच राग आला. "माह्या संत्र्याले नाव ठेवते? खड्डे नसलेलं संत्रं पाह्यलं का तिनं? प्लास्टिकचं राह्यते ते!" मग लाटण्याचं सांगितलं. मावशीनं टोपलीवर पोतं टाकलं, कांदेवाल्याला म्हणाली, "पाह्यजो रे," आणि माझ्याआधी चालू लागली.

घरी रोशनी पांघरूण घेऊन पडली होती, भर दुपारी. मावशीनं दाराची कडी लावली, खिडकी मात्र सताड उघडली.

"ऊठ वं पोट्टे. इकडं पाह्य."

आणि तिनं कमरेचा पट्टा सोडला. खाकी पॅन्ट घोट्यावर पडली. मग खिडकीच्या उजेडाकडे पाठ करून तिनं साडी वर केली.

मी भिंतीकडे तोंड फिरवलं. माझ्या घरात, माझ्या मुलीसमोर, साठीला टेकलेली बाई! थोड्या वेळानं रोशनीचा आवाज आला, "आजी, तुलेही हाये?" तेव्हा मी वळून पाहिलं. होते. वरपासून गुडघ्याच्या मागपर्यंत खड्डेच खड्डे.

"मलेच काय, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीन बाईलेही हाये," मावशी म्हणाली. "दोन वर्षं झाले, पॅन्टीनं घामोया पिकल्या म्हनून गेलती मी. म्या विचारलं, बाई, ही कोनती बिमारी? ते म्हने, बिमारी नाहीच. चामडीखाली चरबी राह्यते, तिले मंधामंधात दोरे ओढून धरतात. गादीले टाके मारले की खड्डे पडतात, तसं. पोरगी वयात आली की बहुतेक बायाइले होते, बारीक बाईलेही होते. कोन्या मलमानं जात नाही अन् राह्यलं तर काही बिघडत नाही. लाटण्यानं मात्र रगत साकयते, असं कायंनियं पडते. समजलं?"

मीही ऐकत होते. माझ्याही पायांना आहेत. आजवर मी ते कोणाला बोलले नव्हते.

रोशनीनं डोळे पुसले आणि विचारलं, "मंग आजी, तू पॅन्ट काहून घालते अजून?"

हजार उत्तरं देणाऱ्या मावशीनं आधी साडी खाली सोडली. सावकाश चटईवर बसली.

"लग्न झालं तवा त्यानं एकदा उजेडात पाह्यलं," ती म्हणाली. आवाज इतका लहान की मला पुढं वाकावं लागलं. "म्हने, हे काय होय? अन् बल्ब बंद केला. मानूस वाईट नव्हता. भेला असन, बिमारी समजून. पन मंग बत्तीस वर्षं तो बल्ब लागला नाही. मी त्याच्याच जुन्या पॅन्टी घालू लागली, चुकूनही दिसू नये म्हनून. डॉक्टरीन बाईनं सांगतलं तवा वाटलं, धावत-पयत घरी जाव अन् त्याले सांगाव, बिमारी नाही होय बाप्पा. पन सांगाले तो राह्यलाच नव्हता."

मग मावशी उठली, पदर खोचला आणि नेहमीच्या आवाजात ओरडली, "तू हाफपॅन्ट घालून पयशील तर मी बिनापॅन्टीची बाजारात जाईन. बोल!"

चाचणीच्या दिवशी रोशनी पळाली. तिच्या गटात दुसरी आली. निकाल अजून लागायचा आहे. आम्ही दोघी कुंपणाबाहेर उभ्या होतो आणि मावशी अशी ओरडत होती की मैदानावरचा शिपाई दोनदा येऊन गेला. वारा आला की मात्र तिचा हात आपोआप साडी धरायला खाली जायचा.

पॅन्ट त्या दुपारपासून माझ्याच घरी आहे. "फेकू नको माय," मावशी जाताना म्हणाली होती, "धुऊन ठेव." मी धुतली, घडी करून माझ्या लग्नाच्या साड्यांखाली पेटीत ठेवली. दर आठ-पंधरा दिवसांनी बाजार उठताना ती मला हळूच विचारते, "हाये नं वं?"

"हाये मावशी."

"राहू दे. त्याची होय."