वर्डेलबाईंचा लॉनमोअर

ज्या बाईंचं गाणं ऐकायला एके काळी लोक तिकिटाच्या रांगेत भांडत, त्यांना मी आमच्या कुंपणावरून सल्ला दिला, "आवाज बरा आहे तुमचा. थोडं शिकलात तर छान गाल." वर हेही सांगितलं की माझी बायको शिकवते, शनिवारी दहाला आमच्या बेसमेंटमध्ये क्लास असतो, संकोच करू नका.

नवीन माणसाला उत्तेजन द्यायची ही खोड मला महाराष्ट्र मंडळाच्या सांस्कृतिक समितीवर लागली. त्या समितीत गाता येणारं कुणीच नव्हतं, त्यामुळे उत्तेजन देणं एवढंच काम आमच्याकडे उरलं होतं.

बाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "ऑल राइट, प्रोफेसर." मी प्रोफेसर नाही. मी पाण्याचे पंप डिझाइन करतो. पण त्या दिवसापासून मी प्रोफेसर झालो तो झालोच.

ही अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरमधली, ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वर्डेलबाई आमच्या शेजारी नुकत्या राहायला आल्या होत्या. साठीच्या, उंच, काळ्यासावळ्या, डोक्याला कायम जांभळा रुमाल. शनिवारी सकाळी त्या गॅरेजमधून गवत कापायचा जुनापुराणा लॉनमोअर बाहेर काढत, दोरी ओढून चालू करत आणि तिथेच उभ्या राहत. यंत्र घरघरतंय, गवत गुडघ्याला लागलंय आणि बाई डोळे मिटून स्तब्ध. पाऊण तासाने यंत्र बंद करून आत. गवताची एक काडी कापलेली नसे. टाउनशिपच्या कचेरीतून गवताबद्दल ताकीद देणारं पत्र आलं, ते त्यांनी टोमॅटोच्या काठीला बांधून टाकलं. त्या टोमॅटोंना त्यांनी आपल्या जुन्या वाद्यवृंदातल्या माणसांची नावं दिली होती. "रॉय इथेही उशिरा आला. ट्रम्पेटवाले असेच," असं त्या एका हिरव्या टोमॅटोकडे बोट दाखवून मला सांगत. मी कुठला वाद्यवृंद हे विचारलं नाही. मला वाटलं, एकट्या बाईला काहीतरी चाळा हवाच.

खरा उलगडा माझ्या बायकोने केला. शालिनी स्वयंपाकघराच्या खिडकीशी पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, "अहो, ती त्या यंत्रावर सूर लावतेय. काळी एक." मी हसलो. तिने पिठाच्या हाताने पेटीची पट्टी दाबून दाखवली. खरंच, लॉनमोअर काळी एकमध्ये होता आणि त्याच्या घरघरीच्या आडून कुणीतरी गात होतं. ते ऐकून मी उठलो आणि कुंपणावर जाऊन वर सांगितलेला सल्ला देऊन आलो.

पुढच्या शनिवारी दहाला बाई खरंच आल्या. मंडळातल्या पाच छोट्या मुली सतरंजीवर, त्यांच्या मागे कपडे धुवायच्या मशीनला टेकून खुर्चीत वर्डेलबाई. शालिनीने तंबोरा घेतला. हा तंबोरा मिरजेहून आणलेला. विमानात तो शालिनीच्या शेजारच्या सीटवर बसून आला आणि मी तीन रांगा मागे. घरातही आमचा क्रम साधारण तोच आहे. शालिनी रियाजाला बसली की मी पेपर घेऊन वर जातो. समितीवरच्या माणसाला घरी तरी सुट्टी हवी. त्या दिवशी मात्र मी जिन्यातच थांबलो. तारा वाजू लागल्या आणि बाईंनी नुसता 'सा' लावला. एक एक करून मुली गप्प झाल्या. शालिनीनेही काही शिकवलं नाही. ती नुसती तंबोरा छेडत राहिली. तासभर त्या बेसमेंटमध्ये एकच सूर होता.

सोमवारी ऑफिसात टपाल वाटणाऱ्या हॅरल्डला मी सहज शेजारणीचं नाव सांगितलं. त्याने हातातलं पार्सल खाली ठेवलं. "त्या अजून आहेत?" एवढंच तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी घरून एक जुनी रेकॉर्ड घेऊन आला. कव्हरवर चंदेरी झग्यातल्या तरण्या वर्डेलबाई. सोल म्हणजे चर्चच्या गाण्यातून निघालेलं कृष्णवर्णीयांचं संगीत; ते गाणाऱ्यांत त्यांचं नाव केवढं होतं, ते त्याने मला जेवणाची सुट्टी संपेपर्यंत ऐकवलं. चौदा वर्षांपूर्वी त्या गायच्या थांबल्या, त्या पुन्हा कुणाला दिसल्याच नव्हत्या.

त्यानंतर चार दिवस मी गॅरेजमधून थेट गाडीत आणि गाडीतून थेट गॅरेजमध्ये. शेवटी शालिनीने शंकरपाळ्यांचा स्टीलचा डबा हातात दिला आणि माफी मागायला पाठवलं. मी मागितली. बाई म्हणाल्या, "सल्ला वाईट नव्हता, प्रोफेसर. मी आले ना शिकायला." दोन दिवसांनी डब्यातून पीचचा गोड केक आला. आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, हे शालिनीने त्यांना शिकवलं होतं आणि त्यांनी ते गाण्यापेक्षा लवकर आत्मसात केलं. माझ्या पोटाचा इतिहास तिथून सुरू होतो.

एका शनिवारी मुली गेल्यावर बाई बसून राहिल्या आणि शालिनीला सगळं सांगितलं. एका छोट्या कंपनीला त्यांची नवी रेकॉर्ड काढायची होती. त्या दोनदा फिलाडेल्फियाच्या स्टुडिओत जाऊन, माइकपुढे उभ्या राहून, तोंड न उघडता परत आल्या होत्या. आता तिसरी तारीख मिळाली होती, आणि ही शेवटची, असं कंपनीने स्पष्ट कळवलं होतं.

त्यांचे यजमान लिऑन ऑर्गन वाजवायचे. गाण्याआधी ते एक सूर धरून ठेवायचे, बाईंना सुरुवात करावीशी वाटेपर्यंत. "डोन्ट रश मी, बेबी," असं त्या लिऑनना म्हणायच्या. तेच त्या आता टोमॅटोंना, फोनला आणि मला म्हणत. लिऑन गेले, ऑर्गन विकला, उरला त्यांचा लॉनमोअर. हा माझ्या ऑर्गनचा धाकटा भाऊ, असं ते गमतीने म्हणायचे, कारण दोघांचा सूर एक. लॉनमोअर स्टुडिओत आणू का, असं बाईंनी विचारूनही पाहिलं होतं. स्टुडिओवाले नको म्हणाले.

शालिनी म्हणाली, "तंबोरा नेऊ."

तंबोरा पुढच्या सीटवर, पट्टा लावून. दोघी मागे. मी ड्रायव्हर. स्टुडिओत काचेपलीकडे एक तरुण रेकॉर्डिस्ट, अलीकडे गालिच्यावर अनवाणी शालिनी आणि माइकपुढे वर्डेलबाई. मला कोपऱ्यात खुर्ची दिली आणि एकच काम सांगितलं: आवाज करायचा नाही.

तंबोरा सुरू झाला. एक मिनिट गेलं, दोन गेली. काचेपलीकडच्याने घड्याळ पाहिलं. बाईंचे ओठ मिटलेलेच. मला परतीचा रस्ता दिसू लागला. मग त्या हळूच, कुणालाच उद्देशून नाही अशा, म्हणाल्या, "डोन्ट रश मी, बेबी." आणि गायला लागल्या.

आवाजाला चिरा गेल्या होत्या. गाणं व्हरांड्यातल्या एका रिकाम्या खुर्चीचं होतं. मध्येच एक ओळ वर चढली, सुराच्या किंचित खाली थांबली, आम्हाला तिष्ठत ठेवलं, आणि मग अलगद तंबोऱ्यावर येऊन बसली.

"वा!" मी म्हणालो. चांगलं मोठ्याने.

आपल्याकडे असा नेमका सूर लागला की तोंडातून ते निघतंच. शिंक दाबता येते, हे दाबता येत नाही. रेकॉर्डिस्टने कपाळाला हात लावला. शालिनीने एकोणीस वर्षांचा संसार एका नजरेत माझ्याकडे फेकला, पण तिची बोटं थांबली नाहीत. बाईही थांबल्या नाहीत. त्या माझ्याकडे वळल्या आणि तीच ओळ पुन्हा घेतली, पहिल्यापेक्षा भरून. मी तोंडावर हात धरून बसलो होतो. त्यांनी बोटाने खुणावलं: हं, म्हण. मी पुन्हा म्हटलं.

गाणं संपल्यावर स्पीकरमधून विनंती आली, उत्तम झालं, आता एकदा या गृहस्थांशिवाय घेऊ. बाई म्हणाल्या, "नाही. गृहस्थ राहतील." मग माझ्या खुर्चीपाशी आल्या. "आमच्या चर्चमध्ये गाणारी एकटी नसते, प्रोफेसर. समोरून उत्तर येतं. लिऑन गेल्यापासून मला कुणी उत्तर दिलं नव्हतं."

आयुष्यात इतक्या चुका केल्या. त्यांतल्या एका चुकीबद्दल कुणी आभार मानले, ते तेव्हाच.

रेकॉर्ड निघाली. हॅरल्डने दोन घेतल्या, एक ऐकायला आणि एक ठेवायला. आमच्याकडे स्टीलचा डबा परत आला, त्यात कॅसेट होती. आतल्या कागदावर शेवटी बारीक अक्षरांत छापलं होतं: तंबोरा, टीचर शालिनी. उत्तर, प्रोफेसर. त्याच सकाळी शेजारचा लॉनमोअर चालू झाला आणि पहिल्यांदाच जागेवरून पुढे सरकला. गवत कापलं जात होतं.

आम्ही स्वयंपाकघरात कॅसेट लावली. माझा 'वा' आला. शालिनीने टेप मागे घेऊन तो पुन्हा ऐकला. मग आणखी एकदा. मी बोलणी खायची तयारी करून पेपर उचलला.

तिने टेप बंद केला आणि म्हणाली, "उद्या मी रियाजाला बसेन, तेव्हा पेपर घेऊन वर जाऊ नका."